कागदी बिजागऱ्या

पाऊस ओसरला आणि शेतात कापसाची बोंडं फुटायला लागली, की आमच्या खानदेशात दुसरा उन्हाळा सुरू होतो. पहिल्या उन्हाळ्याची निदान कीर्ती आहे. जळगावचा पारा टीव्हीवर सांगतात, लोक हळहळतात. या दुसऱ्याला कोणी विचारत नाही. तो घामही फारसा काढत नाही, नुसता सुकवतो. दारं आकसतात आणि कड्या लागेनाशा होतात. पुस्तकांचे पुठ्ठे वाकतात. पाकिटावरच्या डिंकाला बोट लावलं तर पापुद्रा तडकतो. धुळ्यात ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथे या दिवसांत मी रोज कपाटांतून एक फेरी मारते आणि वाकलेली पुस्तकं काढून वजनाखाली ठेवते. हात काम करत असतात. डोळ्यांपुढे मात्र एक पितळी परात येते, काठोकाठ पाण्याने भरलेली, आणि त्या पाण्यात तरंगणारी पोस्टाची तिकिटं.

वीस-बावीस वर्षं झाली. काळ सगळं बरं करतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी आपल्या बापाचं काय धुतलं होतं, ते एकदा विचारायला हवं.

माझे वडील, आबा, जळगावात पुस्तकबांधणीचं काम करत. मूळचे साक्रीकडचे. शिक्षण चौथी. पत्र्याची एक लांबट खोली, पुढे दुकान, मागे आम्ही. शाळांची हजेरीबुकं, वकिलांच्या फायली, देवळातल्या जीर्ण पोथ्या, जे येईल ते बांधायचं. हाताला कायम खळीचा वास. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकट लापशी. तिच्यात आबा चिमूटभर मोरचूद टाकत, म्हणजे कसर आणि झुरळ लागत नाही. त्यामुळे त्यांच्या नखांच्या कडा निळसर हिरव्या असायच्या. ते शाळेत पालकसभेला आले की मी त्या नखांकडेच बघत राहायचे, दुसरं कोणी बघतंय का म्हणून.

आमच्या गल्लीत बरीचशी बिऱ्हाडं साक्रीकडचीच होती, डाळमिलमध्ये आणि जिनिंगमध्ये कामाला आलेली. वाचता येणारे मोजके. कोणाचं पत्र आलं की बाया ते पदराखाली धरून दुकानात येत, जसं काही चोरीचं आहे. आबा सुई बाजूला ठेवत, हात पुसत, आणि वाचून दाखवत. एकदा, आणि मग पुन्हा एकदा सावकाश, कारण पहिल्यांदा बाईला काहीच ऐकू येत नसे. ती नुसती आबांच्या तोंडाकडे बघत असे, बातमी कशी आहे ते ओळखायला. वाचून झालं की आबा म्हणत, "अक्का, तेवढं तिकीट माले दे."

"ल्या ना भाऊ. माले काय करनं शे त्यानं?"

अशी तिकिटं जमली. सुरतेहून, नाशिकहून, फौजेतून, कुठल्या कुठल्या कारखान्यांच्या गावांहून आलेली. त्यात दुर्मीळ काही नव्हतं. शेतीचं, ट्रॅक्टरचं, कोंबडीच्या पिलाचं, रोजच्या वापरातली तिकिटं, एकेक वीस-वीसदा. आबा ती पाकिटावरून भिजवून सोडवत, टीपकागदावर वाळवत, आणि स्वतः बांधलेल्या एका जाड रजिस्टरात लावत.

लावण्याची त्यांची पद्धत त्यांची होती. तिकीट पानावर थापायचं नाही. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी कापायची, मधोमध दुमडायची, एका पाखाला खळ लावून ते तिकिटाच्या पाठीला, दुसऱ्या पाखाला लावून ते पानाला. दाराला बिजागरी असते तशी कागदाची बिजागरी. तिकीट खालच्या कडेने उचललं की दारासारखं उघडायचं आणि सोडलं की मिटायचं. इंग्रजीत त्याला हिंज म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. आबांना ते कोणी शिकवलं नव्हतं. पुस्तक उघडलं पाहिजे आणि मिटलं पाहिजे, एवढं ज्या माणसाला आयुष्यभर कळलं होतं, त्याने तेच तिकिटाला लावलं.

रविवारी दुपारी ते रजिस्टर मांडीवर घेऊन बसत. नखाच्या टोकाने एकेक तिकीट उचलायचं, खाली डोकावायचं, ओठ हलायचे, आणि हलकेच सोडून द्यायचं. तासभर हेच. मला वाटायचं, बांधणीवाला माणूस, खळीने नीट धरलंय का बघत असेल. जवळ जाऊन बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. तेव्हा मी अभ्यास करत असायचे.

अभ्यास मी केला, हे मी मान वर करून सांगते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, बाई तर सोडाच. पण त्या अभ्यासाबरोबर मी आणखी बरंच काही उचललं. दुसऱ्या वर्षापासून मी घरात अहिराणी बोलणं सोडलं. माय 'भाकर खाई ले' म्हणायची, मी 'जेवते' म्हणायचे. मायला त्याचं कौतुक होतं. आबा मात्र माझ्याशी बोलताना शब्द शोधायला लागले होते, जसं गिऱ्हाइकाशी बोलताना शोधत.

तिसऱ्या वर्षी, असाच कापूस फुटलेला असताना, शहरात तिकिटं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं. विद्यार्थ्यांचा वेगळा गट होता. आमच्या वर्गातल्या मुलींकडे परदेशी काकांनी पाठवलेले अल्बम होते. माझ्याकडे रजिस्टर होतं. मी ठरवलं, आपणही मांडायचं. आबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांचं काहीतरी काचेमागे लागणार होतं.

नावनोंदणी एका निवृत्त प्राध्यापकांकडे होती. त्यांना सगळे तिकीटवाले सर म्हणत. त्यांच्या बैठकीत आम्ही पाच-सहा जण होतो. सरांनी माझं रजिस्टर उघडलं, चष्मा वर केला, एक तिकीट चिमट्याने हलवलं आणि नाकाजवळ नेलं.

"हे कशाने चिकटवलंय?"

"खळीने."

"पिठाच्या? अहो, मग हा अल्बम कसला, ही झुरळांची खानावळ आहे!"

सगळे हसले.

"मोरचूद घातलाय त्यात, सर. झुरळं नाही लागत."

"म्हणजे खानावळीत विषही आहे." पुन्हा हसू. "कोणी केलंय हे?"

"वडिलांनी. बाइंडर आहेत."

"तरीच," सर म्हणाले.

वाईट माणूस नव्हता तो. त्याला पुढे बरंच काही समजावून सांगायचं होतं आणि त्याने ते समजावलं. पण त्या 'तरीच'ला जे हसले, त्यांच्यात मीही हसले होते. तोंड मिटून, जरासंच. सरांनी काय केलं हे मी विसरू शकते. माझं हसू मला विसरता येत नाही.

सर म्हणाले, हिंजचे दिवस गेले. हिंजचा डाग राहतो, तिकिटाची पाठ खराब होते, परीक्षक आधी पाठ बघतात. आता माउंट. माउंट म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, पुढून काचेसारखी, मागून काळी. तिकीट आत सरकवायचं. त्याला काही चिकटत नाही, त्याला कोणाचा हात लागत नाही. काळ्यावर ते उठून दिसतं, दागिन्यासारखं. सरांनी त्यांचं एक पान दाखवलं. खरंच देखणं होतं. त्या पानाकडे बघताना मला आमच्या रजिस्टराची, त्या लालपिवळ्या पतंगाच्या कागदांची लाज वाटली. मी मुंबईहून माउंट मागवले.

आबा पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी करत होते.

"ह्यामा तिकीट उचलाले येस का?"

"उचलायचं कशाला, आबा? समोरून दिसतं ना."

"मांगून?"

"मागून काळं असतं."

"प्लॅस्टिकमा कोंडीसन टाकशी त्याले. मढं बांधतस तसं."

मागून माय म्हणाली, "तिले करू द्या जसं करनं शे तसं. तुमन्या पतंगना कागदले कोन बक्षीस देई?"

आबा हसले. पट्टी खाली ठेवली. "तेबी खरं शे. तू शिकेल शे. तुले जे कयस, ते माले कयस का?"

हे वाक्य मी तेव्हा आशीर्वादासारखं घेतलं होतं.

त्या दिवशी आबा एका शाळेत बांधलेली हजेरीबुकं पोचवायला गेले होते. दुपार होती. पत्रा तापून कडकड वाजत होता. मी भाकरीची परात काढली, पाणी भरलं, आणि रजिस्टरातली पानं कापून एकेक पान तिकिटांसकट बुडवलं. आबांची खळ चिवट होती, सुटायला वेळ लागला. तिकिटं वर आली, पतंगाचे कागद तळाशी बसले, आणि पाणी हळूहळू जांभळं झालं. मला वाटलं पतंगाच्या कागदाचा रंग सुटला. मी पाणी दोनदा बदललं. दोन्ही वेळा जांभळं. लगदा झालेल्या बिजागऱ्या मी मुठीने गोळा केल्या आणि मोरीत टाकल्या. तिकिटं इतकी स्वच्छ निघाली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आबा आले तेव्हा ती टीपकागदावर वाळत होती, पालथी, पांढऱ्या पाठी वर करून. आबा दारातच उभे राहिले. चपला काढायचं विसरले.

"बठ्ठा धुयात?"

"हो. एकाही तिकिटाला डाग राहिला नाही, बघा."

ते वाकले. एक तिकीट उचललं, पाठ पाहिली, परत ठेवलं. मग परात उचलून बाहेर नेली, पाणी नालीत ओतलं, आणि परात राखेने घासून आणली. घरात भांडी घासताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "तुले बरं वाटनं ना, मंग बरंच शे," एवढं म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले.

प्रदर्शनात माझी चार पानं काचेच्या चौकटीत लागली. आबा इस्त्रीचा सदरा घालून आले. नखं त्यांनी खरवडून आणली होती, कडा लाल झाल्या होत्या. हात मागे बांधून ते माझ्या चौकटीपुढे उभे राहिले, देवळात उभं राहतात तसे, जरा अंतर ठेवून. परीक्षक बाहेरगावचे होते, वयस्कर, मऊ बोलणारे. त्यांनी माझी पानं बराच वेळ पाहिली.

"मांडणी फार नेटकी आहे, बाळ. पण एक सांगतो. वापरलेल्या तिकिटांना माउंटची गरज नव्हती. त्यांचा डिंक आधीच गेलेला असतो. हिंज चाललं असतं. माउंट लागतात ते न वापरलेल्यांना, मागचा डिंक जपायला."

मी मान हलवली.

"आणि ही तिकिटं तर साधीच आहेत," ते पुढे म्हणाले. "ही कुठल्या पत्रांवरची, कोणाकडून कोणाला आलेली, याची काही नोंद आहे का? कधी कधी साध्या तिकिटांनाही नोंदीमुळे मोल येतं."

"नाही, सर," मी खणखणीत आवाजात म्हटलं. "नोंद काही नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या मोठ्या माणसाला चुकताना बघून लहान माणूस गप्प राहतो, तसं ते गप्प राहिले. मग त्यांनी नजर चौकटीकडे वळवली. मला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. अजून आहे, फायलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या लिखेलना तू काय करं मंग? दुसरीकडे उतारी लिधं का?"

"कसलं लिहिलेलं?"

मायने भाकर तव्यावर टाकली आणि सांगितलं.

प्रत्येक बिजागरीच्या आत, दुमडीच्या पोटात, आबा लिहीत असत. ट्रान्सपोर्टवाले गाठोड्यांवर लिहितात ती पेन्सिल, ओली झाली की जांभळी होणारी. कोणाचं पत्र, कुठून आलं, आणि त्यातली बातमी, मावेल तेवढी. अमकीचा मुलगा, सुरत, काम लागलं. तमकीची बहीण, मुलगी झाली, दोघी बऱ्या. फौजेतला भाचा, सुट्टी नामंजूर. पत्रं बाया घेऊन जात आणि ती चुलीजवळ, उंदरांत, पावसात संपून जात. मग महिन्या-दोन महिन्यांनी एखादी यायची, म्हणायची, भाऊ, काय लिखेल व्हतं त्यानी, परत सांगा ना. आबा रजिस्टर उघडत, तिकीट उचलत, आणि सांगत. त्यासाठी बिजागरी होती. त्यासाठी उचलता यायला हवं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायांना हे ठाऊक होतं. त्यांच्यापैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं. ज्या घरात ते रजिस्टर होतं, तिथल्या शिकलेल्या मुलीला मात्र ठाऊक नव्हतं.

"मग मला थांबवलं का नाही त्यांनी?" मी ओरडले.

"त्यास्ले वाटनं, तू बठ्ठं वाचं, मंगच धुयं," माय म्हणाली. "मी बोलनू त्यास्ले, पोरले इचारा. तं म्हने, शिकेल पोर शे, तिनी पाह्यं आसीन, तिले कामनं नही वाटनं आसीन. बायास्न्या गोठी त्या."

म्हणजे मी न वाचता धुतलं ही शंकासुद्धा त्या माणसाला आली नव्हती. शिकलेली पोरगी न वाचता काही फेकते, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. त्यांनी माझा निकाल मानला होता. वीस वर्षांची गल्ली मी वाचली, तोलली, आणि ठेवण्यालायक नाही असं ठरवलं, असं समजून ते गप्प बसले होते. आणि वर परात घासून ठेवली होती.

मी दुकानात गेले. ते शिवण घालत होते. मी सांगितलं, आबा, मी वाचलंच नव्हतं. त्यांनी दोरा ओढला, गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "बरं," म्हणाले. मला वाटतं, त्यांना आधीचं समजणंच बरं वाटत होतं.

मी नवे कागद कापून दिले. आठवेल तेवढं पुन्हा लिहा म्हटलं. बसले बिचारे. पण सुटी तिकिटं सगळी सारखी. ट्रॅक्टर ट्रॅक्टरसारखा, पिलू पिलासारखं. कुठलं कोणाचं? सात-आठ लिहिली, नववं हातात धरून बसले, आणि पेन्सिल खाली ठेवली. "ऱ्हाऊ दे. खोटं लिखाई जाई." लिहिलेलीही त्यांनी फाडून टाकली. तोवर घरोघरी फोन यायला लागले होते. पत्रं बंद झाली होती. नवी बिजागरी लावायला नवं तिकीट येणार नव्हतं. आबा पुढे सात वर्षं होते. रविवारी दुपारी ते झोपू लागले.

लोकांना या गोष्टीतून लगेच काहीतरी काढायचं असतं. कोणी म्हणतं, बघा, शिक्षणाने माणूस आपल्या मातीपासून तुटतो. मी हे खपवून घेत नाही. शिक्षणाला बोल लावणं शिकलेल्यांना परवडतं. मी न शिकते तर आज कुठे असते ते मला माहीत आहे, आणि मला तिथे असायचं नाही. दोष माझा होता आणि तो साधा होता. ज्या वस्तूची मला लाज वाटत होती, ती मी उघडून पाहिली नाही. एवढंच. ग्रंथालयात नवीन मुलं कामाला येतात, जुनी पुस्तकं रद्दीला काढताना पानं न चाळता गठ्ठे बांधतात. मी त्यांच्यावर खेकसते, तेव्हा ती एकमेकांकडे बघतात. मॅडम फार कडक आहेत म्हणतात. म्हणू देत.

माउंटांनी त्यांचं काम चोख केलं आहे, हेही सांगायला हवं. जळगावचे आणि धुळ्याचे इतके उन्हाळे गेले, प्लॅस्टिक जरा पिवळं पडलं, पण त्यानंतर एकाही तिकिटाच्या कडेचा दात मोडलेला नाही.

या आश्विनात, मागच्या मंगळवारी, कमलअक्का आली. आमच्या जुन्या गल्लीतली, डाळमिलमध्ये काम करायची. म्हातारपणी साक्रीकडे भावाच्या घरी राहते. भाच्याने एसटीत बसवून दिलं, कंडक्टरने उतरवलं, रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगत सांगत पोचली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी तिला ग्रंथालयातून घरी आणलं, चहा दिला.

तिचा एकुलता एक मुलगा, सुभाष, सुरतेला कापडगिरणीत होता. पत्रं लिहायचा. मग पत्रं थांबली. पुढे कोणी म्हणे मुंबईला गेला, कोणी म्हणे गेलाच. शोधलं, सापडला नाही. हे मला अर्धवट माहीत होतं.

"तुना बाप देवमानूस," अक्का म्हणाली. "मना सुभाषना शेवटला कागद त्यानीच वाचा. मना समोर तिकीटना मांगे लिखं. मी ऐकं, पन पोरी, तवय मी रडी ऱ्हायनू व्हतू. आते काही याद येत नही. मरानं पह्यले एकडाव ऐकी लेऊ म्हनं. ते बुक शे ना तुनाजोडे?"

मी कपाटातून पानं काढली. तिकिटाला खूण काय होती विचारलं. अक्काला तेवढं पक्कं आठवत होतं, कोंबडीचं पिलू, आणि एक कोपरा जरा फाटलेला. तसं एकच निघालं. मी ते चिमट्याने माउंटातून सरकवून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते डोळ्यांना लावलं, मग अंगठ्याने पाठ चाचपली, दोनदा, आणि माझ्यापुढे धरलं.

"वाच. मी आते रडाव नही."

मी प्रतिष्ठित बाई आहे. माझ्या शब्दाला कॉलेजात वजन आहे. एक ओळ रचून वाचायला मला काहीच लागलं नसतं. दिवाळीला येतो, माय, काळजी करू नको. तिला कळलं नसतं. ओठांवर आलंही होतं.

"अक्का, ह्यावर आते काही नही," मी अहिराणीत म्हणाले. इतक्या वर्षांनी जीभ अडखळली. "मी धुई टाकं. आबास्ना बठ्ठा कागद मी धुई टाकात."

ती वाट बघत होती, पुढे काही असेल म्हणून.

"वाचीसन धुयं ना? मंग तुले याद आसीन."

"नही वाचं, अक्का."

अक्काने तिकीट बोटांत धरलं होतं ते खाली टेबलावर ठेवलं, आणि टेबलाची कड सापडेपर्यंत हाताने चाचपत ते माझ्याकडे सरकवलं.

मी म्हटलं, ने अक्का, सुभाषचं आहे, तुझंच आहे.

"मी काय करू त्यानं?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुनाजोडेच. तुले जपता येस." मग उठली, पदर सावरला, आणि साक्रीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.